‘ऐन रंगात आला की पोराला बाहेर काढतात, काय करू मॅडम?’

मी मुलांची आणि पालकांची समुपदेशक, त्यामुळे उन्हाळी सुट्टी लागली की हा प्रश्न येतोच, कधी फोनवर, कधी समोर बसून. शब्द इकडेतिकडे असतील पण म्हणणं तेच, की आमचा मुलगा चांगला खेळतो, टॅलेंट आहे, पण त्या लीगवाल्यांनी स्वतःचे काहीतरी लोकल नियम केलेत, त्यामुळे त्याला पूर्ण मॅच खेळू देत नाहीत, ज्यांना धड कॅच येत नाही त्यांनाही खेळवतात, आणि आता मुलगाच म्हणायला लागलाय की मला जायचंच नाही. मग टीम बदलू का, कोचशी बोलू का, का तुम्हीच त्याला जरा मोटिवेट करता?

मागे आलेली एक केस सांगते. घरच्यांना विचारून सांगतेय आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात. मुलाला आपण सोनू म्हणू. वय १२, सातवीत, सातारा शहरातच राहणारा, आणि सुट्टीत काही कोच मिळून लहान मुलांची बेसबॉल लीग घेतात त्यात पिचर. ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की पिचर म्हणजे बॅटरला बॉल टाकणारा, आणि क्रिकेटसारखं सहा बॉल झाले की दुसऱ्याच्या हातात द्यायचा असं इथं नसतं, कोच बदलत नाही तोवर तोच टाकत राहतो.

आईवडील दोघं आले होते पण बोलत होते वडीलच. एमआयडीसीत त्यांचं छोटं वर्कशॉप आहे, मॅचच्या दिवशी ते बंद ठेवून हे पोराबरोबर ग्राउंडवर. तक्रार अशी की शुक्रवारी रात्रीपासून सोनूचं पोट दुखायला लागतं, शनिवारी सकाळी बूट घालायलाच अर्धा तास, आणि मॅचमध्ये पहिले दोन-तीन इनिंग (बेसबॉलच्या एका मॅचमध्ये असे बरेच छोटे डाव असतात) मस्त टाकतो पण नंतर एकदम कंट्रोल जातो, बॉल कुठंच्या कुठं. त्यांचं निदान तयार होतं. म्हणाले, "मॅडम, त्याला माहितीय की कितीबी चांगलं टाकलं तरी ८५ बॉलला बाहेर काढणारेत, मग पोराचं मन कसं लागंल?" आणि खिशातून लीगने दिलेला नियमांचा कागद काढला, घड्या पडून मऊ झालेला, दोन नियमांखाली लाल पेनने रेघा मारलेल्या.

पहिली रेघ बॉलच्या मर्यादेखाली. ११-१२ वर्षांच्या मुलाने एका दिवसात जास्तीत जास्त ८५ बॉल टाकायचे, आकडा मधेच भरला तर समोरचा बॅटर पूर्ण करू द्यायचा आणि मग पिचर बदलायचा. ६६ किंवा जास्त टाकले तर पुढचे ४ दिवस पिचिंग बंद, ५१ ते ६५ ला ३ दिवस, ३६ ते ५० ला २, २१ ते ३५ ला १. आणि ४१ किंवा जास्त टाकलेत तर त्या दिवशी कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणारा, म्हणूनही खेळायचं नाही, कारण कॅचरलाही प्रत्येक बॉल परत फेकावाच लागतो. दुसरी रेघ ‘सगळ्यांना खेळवा’ या नियमाखाली. आलेल्या प्रत्येक मुलाला एकदा तरी बॅटिंग आणि सलग सहा आऊट होईपर्यंत फिल्डिंग मिळालीच पाहिजे.

हे इथल्या कोचनी मनाने काढलेलं नाही. लिटिल लीग ही लहान मुलांची बेसबॉल संस्था १९३९ ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला सुरू झाली, तिच्या नियमांतून हे घेतलंय. तिथंही आधी पिचरने किती इनिंग टाकायचे याची मर्यादा होती, पण एका इनिंगमध्ये कधी दहा बॉल पडतात कधी तीस, म्हणून २००७ पासून थेट बॉल मोजायला लागले. काही गोष्टी तिथंही त्या त्या गावच्या लीगवर सोडलेल्या असतात, उदाहरणार्थ जितकी मुलं आली तितक्या सगळ्यांना क्रमाने बॅटिंग द्यायची की नाही. आपल्या लीगने ती द्यायची असं ठरवलं होतं आणि माझ्या मते लहान मुलांसाठी तेच बरोबर आहे.

वडिलांचं म्हणणं, "ती अमेरिकेतली पोरं, आपली दणकट असतात, त्यांना कशाला असले लाड?" मी विचारलं क्रिकेट बघता का, तर बघतात, भरपूर. मग सांगितलं की इंग्लंडमध्ये लहान वयाच्या फास्ट बॉलरने एका स्पेलमध्ये आणि एका दिवसात किती ओव्हर टाकायच्या हे वयाप्रमाणे ठरवून दिलंय, तिथं कोणी त्याला लाड म्हणत नाही. त्यावर ते गप्प बसले पण पटलं नव्हतं.

मग सोनूशी एकट्याशी बोलले. मुलांना "काय झालं" असं विचारलं की "काही नाही" येतं, म्हणून मी कागद देते. म्हटलं ग्राउंड काढ आणि तुला सगळ्यात जास्त कुठं उभं राहायला आवडतं तिथं फुली मार. त्याने छान चौकोन काढला, बेस म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या कोपऱ्यातल्या जागा काढल्या, मधे पिचरचा माउंड म्हणजे तो उभा राहतो तो उंचवटा पण काढला आणि फुली मारली सेकंड बेसच्या शेजारी. म्हटलं, अरे तू तर पिचर ना? तर म्हणाला, "हितनं जोरात टाकायला लागत नाही." आणि हे बोलताना डाव्या हाताने उजव्या कोपराची आतली बाजू चोळत होता, त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

मी विचारलं, ८५ झाले की सर काढतात तेव्हा राग येतो का? त्याने माझ्याकडे असं बघितलं की हा काय प्रश्न झाला. मग हळूहळू सांगितलं. तो स्वतः बॉल मोजतो. मनातल्या मनात, पहिल्या बॉलपासून. आणि तिसऱ्या इनिंगनंतर दुखायला लागलं की मुद्दाम बाहेर टाकतो, म्हणजे बॅटर मारत नाही, बॉल वाया जातात आणि आकडा लवकर भरतो. वडील ज्याला कंट्रोल गेला म्हणत होते ते हे होतं. पोरगं नियमाची वाट बघत होतं!

बरं, घरी का नाही सांगितलं? त्याचं उत्तर मी जसंच्या तसं लिहिते. "आमच्या टीममध्ये एक जण आहे त्याला कॅच येत नाहीत, पप्पा म्हणतात असल्यांना कशाला खेळवतात. मी दुखतंय म्हटलं की मी पण असलाच ना."

ही लाल रेघ मारलेली दुसरी लाईन. वडील दुसऱ्याच्या पोराबद्दल बोलत होते, गाडीवर घरी येता येता, रागाच्या भरात, कुठलाही बाप बोलेल तसं. पण मागे बसलेल्या मुलाने त्यातून स्वतःचा हिशोब केला की आपल्या घरात चांगलं खेळणाऱ्याला किंमत आहे आणि बाकीच्यांना नाही. मला पालकांना हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, तुम्ही खेळ कमी जमणाऱ्या मुलाबद्दल जे बोलता ते तुमचं हुशार मूल सगळ्यात जास्त लक्ष देऊन ऐकत असतं. सगळ्यांना खेळवायचा नियम म्हणूनच फक्त त्या कच्च्या मुलासाठी नाही. सोनूसारख्या पोराला तो सांगतो की आज तुझ्याकडून नीट झालं नाही तरी तू टीममध्ये आहेस.

समुपदेशन तिथंच थांबवलं आणि आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे पाठवलं, कारण पोट दुखणं टेन्शनचं असू शकतं पण कोपर चोळणं हे माझ्या खोलीत सुटणारं काम नव्हे. आई बाहेर पडता पडता म्हणाली की मॅडम, तो हल्ली दप्तर डाव्या खांद्यावर घेतो, मला वाटलं स्टाईल असंल. डॉक्टरांनी एक्सरे काढला, तपासलं आणि सांगितलं की कोपराच्या आतल्या बाजूला हाड वाढायची जी कूर्चेची जागा असते तिच्यावर ताण आलाय, लहान पिचर मुलांमध्ये हे इतकं दिसतं की याला नावच ‘लिटिल लीग एल्बो’ आहे. सहा आठवडे बॉल टाकणं बंद. वेळेत थांबला म्हणून बरं होईल, तसंच रेटत राहिला असता तर प्रकरण वाढलं असतं.

इथं वडिलांनी एक गोष्ट सांगितली जी आधी सांगितली नव्हती. शनिवारी साताऱ्यात ८० च्या आसपास बॉल टाकले की रविवारी ते त्याला बाहेरगावच्या एका टीमकडून खेळवायला न्यायचे, तिथं बॉल मोजत नाहीत, पूर्ण मॅच टाकायला मिळते. म्हणजे ४ दिवस विश्रांतीचा नियम कागदावरच, कारण इथल्या कोचला तिथलं माहीत नाही आणि तिथल्याला इथलं.

मी त्यांना दोष देत नाही. ते स्वतः शाळेत सॉफ्टबॉल खेळायचे, जिल्ह्याच्या टीममध्ये राखीव म्हणून बसले आणि तेवढ्यावरच संपलं, कोणी मागे उभं राहिलं नाही ही खंत अजून आहे. त्यात दहावी-बारावीचे ग्रेस मार्क, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण, हे सगळं डोक्यात असतंच. आणि २०२३ ला आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी तिरंदाजीची वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हापासून तर इथल्या पालकांना वाटतं की आपल्या घरातही होऊ शकतं, आणि का वाटू नये? पण डॉक्टरांचा कागद बघून ते जे म्हणाले ते सगळेच पालक म्हणतात, "मग त्यानं मला सांगायचं ना! मी काय मारणार होतो का?"

नाही मारणार, पण तरीही तो सांगू शकत नाही. बाप वर्कशॉप बंद ठेवून येतो, महागाचा ग्लोव्ह आणून दिलाय, कुणीही भेटलं की "आमचा सोनू पिचर आहे" म्हणतो, अशा बापाला बारा वर्षांचं पोरगं "बास झालं" कोणत्या तोंडाने म्हणणार? मोठ्या माणसालाही साहेबाला नाही म्हणता येत नाही. म्हणून मला हे नियम फार महत्त्वाचे वाटतात. ८५ झाले की कोच हात वर करतो आणि पोरगं बाहेर येतं, त्यात तो हरला नाही, घाबरला नाही, बापाला नाराज केलं नाही, फक्त आकडा भरला. त्याचं ‘बास’ तो नियम म्हणतो. आणि आपण जेव्हा त्याच्यासमोर कोचशी वाद घालतो, "अजून एक बॅटर टाकू द्या की," तेव्हा त्याची तेवढी एक आडोशाची जागा पण काढून घेतो.

पुढचं काम सोपं नव्हतं पण फार गुंतागुंतीचंही नव्हतं. बापलेकांना समोरासमोर बसवलं आणि तोच घड्या पडलेला कागद सोनूला मोठ्याने वाचायला लावला, प्रत्येक नियमानंतर त्याला काय वाटतं ते त्याने सांगायचं आणि वडिलांनी मधे बोलायचं नाही. मधे न बोलणं त्यांना जड गेलं. कॅच न येणाऱ्या मुलाची लाईन आली तेव्हा सोनू थांबला, मग म्हणाला पप्पा तुम्ही त्याला तसं बोलू नका. एवढंच. वडील म्हणाले, "बरं." मला त्या ‘बरं’ची किंमत माहितीय, कारण आमच्याकडचे बाप माफी मागत नाहीत, बरं म्हणतात.

मग एक खूण ठरली, दुखायला लागलं तर सोनूने टोपी काढून परत घालायची, कोचने आकडा न बघता बदलायचं आणि घरी जाताना त्यावर चर्चा नाही. सहा आठवडे तो बॅटिंगची तयारी आणि धावणं करत राहिला, तेही डॉक्टरांना विचारून. आणि वडिलांना मोजायची एवढी आवड आहे तर कोचशी बोलून त्यांनाच टीमचा पिच काउंटर केलं, दोन्ही टीमचा एकेक माणूस शेजारी बसून मोजतो आणि इनिंग संपली की आकडे जुळवतात. दुसऱ्यांच्या पोरांचे बॉल मोजायला लागल्यावर त्यांना आपोआप दिसायला लागलं की साठ-पासष्टनंतर मुलांचा खांदा कसा पडतो. हे मी सांगून कधी पटलं नसतं. पुढे लीगच्या कागदात त्यांच्याच सांगण्यावरून एक ओळ वाढली, की मुलाने त्या आठवड्यात दुसरीकडे टाकलेले बॉलही वहीत लिहून आणायचे आणि पालकांनी सही करायची.

सोनू आता जास्त सेकंड बेसला खेळतो, अधूनमधून पिचिंग करतो. शनिवारचं पोट दुखणं लगेच गेलं नाही, कमी होत होत गेलं. वडील अजूनही अंपायरशी स्ट्राइकवरून, म्हणजे बॉल बरोबर जागेतून गेला का नाही यावरून, वाद घालतात, तेवढं चालायचंच.

तर ज्यांनी हा प्रश्न विचारलाय त्यांना माझं म्हणणं असं, की टीम बदलायच्या आधी लीगचा नियमांचा कागद मागून घ्या आणि मुलाबरोबर बसून वाचा, लेखी कागदच नसेल तर सुट्टी सुरू व्हायच्या आधी चार पालक मिळून कोचना तो करायला सांगा. नियम पटला नाही तर कोचशी जरूर बोला, पण ग्राउंडवर नाही आणि मुलासमोर तर अजिबात नाही. मॅच संपल्यावर जिंकलात का, किती काढले, याच्या आधी हात कसा आहे विचारा, तेही सहज, जेवता जेवता. मूल एकाच वेळी दोन टीमकडून खेळत असेल तर दोन्हीकडच्या कोचना ते माहीत असू द्या. आणि खांदा किंवा कोपर चोळताना, हात पूर्ण सरळ न करता, किंवा नेहमीच्या हाताने जड वस्तू उचलायचं टाळताना दिसलं तर बॉल टाकणं त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा, माझ्याकडे नंतर या.