‘सर्व हक्क कायमचे’ लिहून देऊ का?

प्रश्न: मास्तर, वय २३. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, कोरसला उभा राहायचो, यंदा बुवा म्हणून दोन बाऱ्या केल्या. गणपतीचं एक गाणं लिहून बसवलं. फोनवर काढलेला व्हिडिओ गावच्या ग्रुपांवर बराच फिरला. मुंबईची एक कंपनी एकरकमी पंधरा हजार देतेय, कागदावर ‘सर्व हक्क कायमचे’ असं आहे. घरचे म्हणतात घे, तू स्वतः टाकलंस तर कोण ऐकणार? काय करू?
— एक वाचक, देवगड

उत्तर: पंधरा हजार काही थोडे नव्हेत. पखवाजाची पानं बदलून, पेटी दुरुस्त करूनही वर उरतील. म्हणूनच जपून.

कॅसेटच्या काळात मीही सही केलीय. दादरला एका स्टुडिओत दिवसभर गाऊन संध्याकाळी अडीच हजार हातात पडले. कागद इंग्रजीत, रात्रीची एसटी चुकेल म्हणून वाचलाही नाही. चतुर्थीला कणकवलीच्या स्टँडवर पानाच्या टपरीत माझंच गाणं वाजत होतं. मी छाती पुढे काढून उभा. कॅसेट मात्र मला विकत घ्यावी लागली! गेल्या वर्षी पुतण्याने ते गाणं फोनवर लावलं. चॅनेल भलत्याचंच, आणि खाली लिहिलेलं, ‘शब्द : पारंपरिक’. अरे, मी अजून जिवंत आहे, पारंपरिक व्हायला अवकाश आहे.

तेव्हा मला ठाऊक नव्हतं ते तू जाणून घे. हक्क देताना कागदात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. तुझ्या कागदावर ‘कायमचे’ आहे, म्हणजे ही सोय तुला नाही. तो शब्द खोडून तीन वर्षं घालायला सांग. ऐकलं नाहीत तर कळेल की त्यांना गाणं हवंय, तू नकोस. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा सही करूनही सोडून देता येत नाही. तो फक्त वारसाला किंवा वसुली करणाऱ्या सोसायटीकडे देता येतो. पण हक्क आहे म्हणून मनीऑर्डर घरी येत नाही. १९६९ पासून इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी हेच काम करते. तिथे सभासद हो, गाणं नोंदव, शब्द आणि चाल दोन्हींपुढे तुझं नाव लाव.

घरच्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. स्पॉटिफायवर एखादं गाणं मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर एक पैसाही मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मागायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास बघणं लागतं. लहान व्हिडिओंचा हिशेब वेगळा. आपल्या वाडीने रात्रंदिवस लावलं तरी इतकं जमणं कठीण. तुझं पोट बारीच्या सुपारीवरच चालणार. गाण्याने सुपारी वाढते, एवढाच सध्या त्याचा उपयोग धर.

स्वतः करायचं ठरवलंस तर आवाज मृगाआधी रेकॉर्ड कर. मी एकदा आषाढात पत्र्याच्या पडवीत माइक लावला. पखवाजापेक्षा पाऊसच लयीत होता, वर दोनदा लाइट गेली. गाद्या टांगून, दारं लावून शेवटी पहाटे तीनला एक कडवं धड आलं. डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणं चढवणाऱ्याकडे, ते श्रावण लागायच्या आत पोचतं कर. चतुर्थीच्या आदल्या दिवशी धावपळ करून काही होत नाही. पखवाजवाल्याला आधी पैसे दे, आणि दिल्याची चिठ्ठी घे, सख्खा मामेभाऊ असला तरी.

आता जे पत्रात लिहिलं नाहीस ते. चाल कोणाची? बारीत सिनेमाच्या चालीवर गजर म्हणतो तेव्हा मांडवात कोण विचारत नाही. यूट्यूबचं यंत्र मात्र चालही ओळखतं, आणि जाहिरातीचे पैसे मूळ मालकाकडे वळू शकतात. कंपनीच्या कागदात बहुधा असंही कलम असेल की चाल उसनी निघाली तर भरपाई तू करायची. ते कलम शोध. चाल तुझी स्वतःची असेल तर पुढचं बोलू, उसनी असेल तर आधी ती बदल.