घरगुती मालवणी मसाला इन्स्टाग्रामवर विकते. स्वभावाने फटकळ आहे. तसंच बोलू की प्रोफेशनल भाषा वापरू?

फटकळच बोला, फक्त तो फटकळपणा मसाल्याबद्दल असू द्या, गिऱ्हाइकाबद्दल नको. दादर-लालबागच्या छोट्या दुकानदारांची इन्स्टाग्राम पेजेस मी सांभाळतो. ‘शुद्ध, पारंपरिक, घरच्या चवीचा’ हे शब्द इथे प्रत्येक पाकिटावर असतात, त्यामुळे ते वाचून कोणी थांबत नाही. त्याऐवजी डंखावरून, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावरून, नुकताच आलेला वाफाळता मसाला परातीत पसरताना कॅमेरा लावा आणि सरळ सांगा: ‘हा बांगड्याच्या तिखल्याचा मसाला आहे, पनीरमध्ये घालून मला नावं ठेवू नका.’ पनीरवाले जातील, जाऊ देत. एरवी त्यांनीच ‘फार तिखट आहे’ म्हणून पाकीट परत पाठवलं असतं! मासे खाणारे मात्र तोच व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकतील. आणि इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीच सांगितलंय, की रील नव्या लोकांपर्यंत पोहोचण्यात ती किती वेळ पाहिली गेली आणि किती जणांनी पुढे पाठवली याला बरंच वजन असतं.

एक मात्र आहे, स्वभाव चालतो तो बोलण्यात. भाव, वजन, कुरिअरचा खर्च आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी क्रमांक साध्या, कोरड्या भाषेत पोस्टमध्येच लिहा. ‘भावासाठी मेसेज करा’ म्हटलं की निम्मं गिऱ्हाईक तिथेच गळतं, असा माझा अनुभव आहे.