पोदेराच्या (सायकलवरून भोंपू वाजवत पाव विकणाऱ्याच्या) अंगावर जाणारा कुत्रा कसा सुधारायचा?
पोदेराचा भोंपू ऐकला की कुत्रा गेटवर झेपावतो म्हणताय, तर त्याला मारू नका हो, गुरगुरला म्हणून ओरडूपण नका, नाहीतर गुरगुरणं सोडून सरळ चावायला शिकतो. आमच्या फोंड्याच्या घरी हेच होतं. आधी डॉक्टरला दाखवा, कान दुखत असला तरी कुत्रं चिडतं. मग पट्टा बांधून इतकं लांब उभं राहायचं की सायकल दिसेल पण त्याचं अंग ताठ होणार नाही, दिसली की लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा, सायकल गेली की तुकडे बंद. रोज ५ मिनिटं पुरे. आमचा दीड महिन्यानं भोंपू वाजला की माझ्या हाताकडे बघायला लागला, खरंच डोळ्यात पाणी आलं. तोवर गेटला कडी घालाच.