‘रॉकी’ पाहून पायऱ्यांवर धावताना

प्रश्न : महिन्यापूर्वी ‘रॉकी’ पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे पर्वती पळत चढू लागलो. वय ३४, बैठे काम. आता दोन्ही नडग्या आतल्या बाजूने दुखतात. धावणे सोडावे का?

उत्तर : सोडू नका, पण तो १९७६चा चित्रपट पुन्हा एकदा पाहा. फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या ७२ पायऱ्या रॉकी पहिल्यांदा चढतो तेव्हा त्याची पार दमछाक होते, आणि तो तर मुष्टियोद्धा आहे! हात उंचावून नाचतो ते नंतर. मधला सराव पडद्यावर एका गाण्यात उरकतो. शरीराचे तसे नसते. दम काही आठवड्यांत वाढतो, हाडे आणि स्नायुबंध मजबूत व्हायला महिने लागतात. दम पुरतोय म्हणून आपण जोर वाढवतो आणि तो भार नडगीवर येतो. तुमचे नेमके हेच झाले आहे.

आधी दोन आठवडे धावणे बंद. सपाटीवर चालताना दुखत नसेल तर चाला. रोज पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा सावकाश वर-खाली करा, १५-१५ वेळा, दोनदा. दुखणे पूर्ण थांबले की मैदानावर, दिवसाआड सुरुवात करा : ५ मिनिटे भरभर चालणे, मग १ मिनिट हळू धावणे आणि २ मिनिटे चालणे, असे ८ वेळा. धावताना एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. येत नसेल तर वेग जास्त आहे. दर आठवड्याला धावण्याचे अर्धे-एक मिनिट वाढवा. सलग २० मिनिटे धावता आले की मग पर्वती, तीही आठवड्यातून एकदाच. पहिले काही आठवडे चालत चढा. उतरताना तर कधीच पळू नका. गुडघ्यांना आणि मांड्यांना खरा मार उतरतानाच बसतो.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. रॉकीसारखे सपाट कॅनव्हासचे बूट नकोत.

एक मात्र जपा. दुखणे नडगीभर पसरलेले न राहता एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. मग व्यायाम पूर्ण थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : रॉकीसारखी कच्ची अंडी प्यायल्याने ताकद येते का?

उत्तर : नाही. शिजवलेल्या अंड्यातील प्रथिने कच्च्यापेक्षा जास्त पचतात, शिवाय कच्च्या अंड्यातून साल्मोनेलाचा संसर्ग होऊ शकतो. धावून आल्यावर दोन उकडलेली अंडी आणि एक पोळी खा. पहाटे निघण्याआधी हवे तर एक केळे पुरे.