डोक्यातलं केमिकल कमी झालंय, मग गोळी जन्मभर का?

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतो. म्हणून पोळी-भाजीचा व्यवसाय करणाऱ्या एका ताईंचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

उदासीसाठी मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांना सेरोटोनिनवर, म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या एका रसायनावर, काम करणारी गोळी दिली होती. दहाच्या पाकिटातल्या नऊ संपलेल्या, एक उरलेली. ते पाकीट टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, “नऊ दिवसांत ढिम्म फरक नाही. वर सवय लागायची. बंद केली.”

मी कागदावर दोन पेशी काढल्या, मध्ये बारीक फट. पहिली पेशी फटीत सेरोटोनिन सोडते. ते समोरच्या पेशीच्या रिसेप्टरमध्ये कुलपात किल्ली बसावी तसं बसतं आणि निरोप पोचतो. उरलेलं पहिली पेशी परत ओढून घेते. गोळी ते ओढणं अडवते.

“हे काही तासांतच सुरू होतं.”

“मग मला बरं का वाटेना?”

“रिसेप्टरना नव्या प्रमाणाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. दोन ते चार आठवडे, कधी जास्तही.”

बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे लोणच्यासारखं. घातल्या दिवशी फोड कच्चीच लागणार. मुरू द्यायला हवं.”

इतकी वर्षं मी हे समजावतेय, पण असं नेमकं कुणी बोललं नव्हतं. उपमा माणसाच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातून आली की ती त्याच्याजवळ टिकते. म्हणून मी गप्प राहून वाट बघते.

सवयीचं म्हणाल, तर झोपेच्या काही गोळ्या ‘गाबा’ या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाच्या रिसेप्टरवर काम करतात, त्यांची सवय लागू शकते. सेरोटोनिनच्या गोळीची तशी तलफ येत नाही. एकदम सोडली तर मात्र चक्कर, मळमळ, बेचैनी होऊ शकते. ती डॉक्टरांना विचारून हळूहळूच कमी करायची. आणि ‘केमिकल कमी’ हे उदासीचं पुरतं उत्तर नव्हे. मेंदूतलं सेरोटोनिन मोजून उदासी ठरवणारी रक्ततपासणीच नाही. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन तर आतड्यात असतं. पण ‘केमिकल कमी’ एवढं ऐकलं की माणूस हातपाय गाळून बसतो. माझा भर कृतीवर. मन लागेल तेव्हा करू म्हणून थांबायचं नाही, करायला घेतलं की मन हळूहळू मागून येतं.

डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. मी एकच काम दिलं: सकाळी फक्त कणीक भिजवायची, पोळ्या मदतनीस लाटेल.

पाचव्या आठवड्यात आल्या त्या तावातावानं. “भाजी खारट म्हणून एक गिऱ्हाईक कटकट करत होतं. मीही चांगलं सुनावलं!”

कित्येक महिन्यांत त्यांचा आवाज चढलेला नव्हता. वहीत मी ती ओळ दोनदा अधोरेखित केली.