पहिल्यांदा डिस्क गोल्फ खेळायला गेलास तर

डिस्क गोल्फ म्हणजे चपटी डिस्क फेकत फेकत साखळ्या लावलेल्या टोपलीत घालायचा खेळ. अरे पहिल्याच दिवशी ड्रायव्हर (लांब फेकायची डिस्क) घेऊ नको की, एक पटर (जवळनं टोपलीत टाकायची) नाहीतर मिडरेंज (मधल्या अंतराची) बास. आधी आठवडाभर सकाळी बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोत मोकळी जागा बघून नुसती फेक. जोर कशाला, डिस्क छातीजवळनं सरळ रेषेत ओढायची आणि पुढची कड जराशी खाली ठेवायची, कड वर राहिली की डिस्क नुसती वर चढतीय आणि तिथंच दम सोडतीय, नवीन पोरांचं नव्वद टक्के इथंच चुकतंय असं मला वाटतंय. उजव्या हाताचा बॅकहँड (छातीवरनं आडवा हात ओढून केलेली फेक) शेवटी डावीकडं वळणारच, म्हणून नेम थोडा उजवीकडं धर. टोपलीच्या 10 मीटरच्या आत आलास की तिच्या साखळीतली एकच कडी निवड आणि त्या कडीवरनं डोळा हलवू नको, तो छन्न आवाज ऐकलास की कळेल तुला. पार 3 च्या होलला, म्हणजे तीन फेकीत टोपली गाठायची असते तिथं, 5 फेकी लागल्या तरी चालतंय. आणि पार्कात पुढं कोण चाललेलं दिसलं की थांबायचंच, डिस्क लागली तर लई जोरात लागतीय.