कोर्स नंतर ठरवू, आधी तिच्यासारखी माणसं शोधू

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलीला नववीत स्टारगार्ट या डोळ्यांच्या आजाराचं निदान झालं. आता ती बारावी कॉमर्सला आहे आणि लॉ करायचं म्हणते. नातेवाईकांचं मत, ‘बाहेरून बी.ए. कर, घरी सुरक्षित राहशील.’ शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘सांगलीत तिच्यासारखं कोणीच नाही, विचारायचं कोणाला?’ मला तर हाच तुमचा मुख्य प्रश्न वाटतो.

हा आजार साधारण आठ-दहा हजारांत एकाला होतो. गल्लीत कोणी भेटणार नाही, पण त्या हिशेबाने महाराष्ट्रात काही हजार माणसं असणार. नजरेचा मधला भाग धूसर, कडेचं शाबूत. म्हणून ती रस्ता ओलांडते, पण एसटीची पाटी वाचता येत नाही. समोरच्याचा चेहरा दिसावा म्हणून ती नजर जराशी बाजूला वळवते, आणि सर ओरडतात, ‘लक्ष कुठंय?’ रोज उठून हे किती जणांना समजावणार? ज्यांना हाच आजार आहे त्यांच्यापुढे तिला काहीच समजावावं लागणार नाही.

रेटिना इंडिया ही रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या, आजारांचे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करणारी संस्था आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये दृष्टिबाधितांसाठी रिसोर्स सेंटर आहे. दोन्हीकडे संपर्क करा आणि तिच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी, नोकरीला लागलेली एखादी मुलगी गाठून द्या, असं सांगा. भेट झाली की दोघींना बोलू द्या, तुम्ही बाहेर चहा घेऊन या. जाडजूड पुस्तकं कशी वाचलीस, हॉस्टेलवर कशी राहिलीस, इंटरव्ह्यूत आजाराचं कधी सांगितलंस, याची उत्तरं त्या मोठ्या मुलीकडे असतील. माझ्याकडे ती नाहीत.

एक मात्र सांभाळा. अशा ओळखी वाढल्या की औषधं सुचवणारेही भेटतात. डोळ्यांसाठी म्हणून ‘ए’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. या आजारात मात्र त्याचे जादा डोस टाळायला सांगतात, कारण त्यापासून तयार होणारा अवशेष डोळ्याच्या पडद्यात साचत जातो. रेटिनाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीही गोळी नको.

लॉचं म्हणाल, तर तिची इच्छा अजिबात अवास्तव नाही. दृष्टिबाधितांना न्यायिक सेवेतून, म्हणजे न्यायाधीशाच्या नोकरीतून, वगळता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे. तिचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलंत का, हे पत्रात नाही. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व आलं, तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजांतल्या ५ टक्के राखीव जागांसाठी ती पात्र ठरेल. परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मागता येतो. तपासणीला वेळ लागतो, तेव्हा कार्डाचा अर्ज याच आठवड्यात करा. बी.ए.चा फॉर्म मात्र ती भेट होईपर्यंत भरू नका.